रस्त्यावरचा धूर आणि लहान मुलांचा दमा: बोर्ली पंचतनसारख्या गावानेही याचा विचार का करावा?

दिवेआगरला जाणाऱ्या बऱ्याच पर्यटकांना बोर्ली पंचतन हे गाव गाडीच्या काचेतूनच दिसतं. म्हसळ्याकडून येताना बाजारपेठ लागते, रस्ता अरुंद होतो, समोरून एस.टी. येते आणि सगळेच थांबतात. हॉर्न वाजतात, कुणीतरी गाडी मागे घेतं, मग पुढे सुपारीच्या वाड्या आणि समुद्र.

पर्यटक पुढे जातात. त्या थांबलेल्या गाड्यांचा धूर मात्र रस्त्यालगतच्या घरांत, दुकानांत आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या श्वासात राहतो. शनिवार-रविवारी, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत तर विचारायलाच नको.

'एवढी झाडी, शेजारी समुद्र, इथे कसलं प्रदूषण?' हा प्रश्न कोकणात कुणीही विचारेल आणि तो चुकीचा नाही. श्रीवर्धन तालुक्याची हवा मुंबई किंवा पुण्यासारखी नाही. पण वाहनांच्या धुराच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मूल शहरात राहतं की गावात, याइतकंच ते रस्त्यापासून किती अंतरावर राहतं, हेही महत्त्वाचं असतं.

धुरात नेमकं काय असतं?

डोळ्यांना दिसतो तो काळा धूर. त्यात मुख्यतः कार्बनची काजळी असते आणि ती डिझेलच्या जुन्या गाड्यांतून जास्त येते. न दिसणारे घटक जास्त त्रासदायक आहेत.

पहिला घटक म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड वायू. इंजिनात इंधन जळताना तापमान इतकं वाढतं की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. म्हणजे इंधन कितीही शुद्ध असलं तरी हा वायू थोडाफार तयार होतोच. दुसरा घटक म्हणजे पीएम २.५, अर्थात २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडकत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात.

तिसरा घटक धुराड्यातून येतच नाही. ब्रेक आणि टायर झिजून पडणारी भुकटी आणि चाकांनी उडवलेली रस्त्याकडेची धूळ. कोकणात साइडपट्टी अनेक ठिकाणी मातीचीच असते. फेब्रुवारीपासून जून येईपर्यंत डंपर गेला की मागे लाल लोट उठतो. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तरी ही धूळ राहणारच.

किती जवळ म्हणजे जवळ?

वाहनांच्या धुराचं प्रमाण रस्त्यावर सगळ्यात जास्त असतं आणि दूर जाल तसं झपाट्याने कमी होतं. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये जगभरातले अभ्यास तपासले. मोठ्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सर्वाधिक प्रभावित असतो, असं त्यात म्हटलं आहे. अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण तर त्याच्याही आतच बरंच खाली येतं.

बोर्लीचा रस्ता म्हणजे लॉस एंजेलिसचा फ्रीवे नव्हे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण कोकणातल्या गावांची रचना आठवून पाहा. एकच मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून घरं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. ओटीवरून पाय खाली टाकला की डांबर. शहरात हमरस्त्यालगत राहणारी कुटुंबं काही टक्के असतात, गावाच्या बाजारपेठेत मात्र जवळपास सगळीच त्या पट्ट्यात येतात.

लहान मुलांनाच जास्त त्रास का?

दम्यात श्वासनलिकांना आतून कायमची हलकी सूज असते. त्यामुळे त्या नको तितक्या संवेदनशील होतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू, यांपैकी काहीही लागलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव साचतो आणि अरुंद नळीतून हवा जाताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. हे दिवसभर चालत नाही. मूल सकाळी खेळतं आणि रात्री तीनला खोकून उठून बसतं. म्हणूनच घरच्यांना वाटतं, 'सर्दी छातीत उतरलीय, होईल बरं.'

मुलांच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या असतात. मोठ्यांच्या तुलनेत मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेतात. त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. आणि त्यांची उंची. चार वर्षांच्या मुलाचं नाक गाडीच्या धुराड्यापासून फार वर नसतं. स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं मूल समोरच्या टेम्पोचा धूर सगळ्यात आधी घेतं.

फुप्फुसांच्या वाढीबद्दल दक्षिण कॅलिफोर्नियात एक मोठा अभ्यास झाला. त्यातला २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: फ्रीवेपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची क्षमता १० ते १८ या वयात, दीड किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत कमी वाढली. दमा नसलेल्या मुलांतही हे दिसलं.

धुरामुळे दमा होतो, की असलेला वाढतो?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सोशल मीडियावर ते सर्रास एकत्र केले जातात.

दमा असलेल्या मुलाचा त्रास धुराने वाढतो, याबद्दल आता फारसा वाद नाही. २०१० च्या त्या अहवालातच त्यासाठी पुरेसा पुरावा असल्याचं म्हटलं होतं. निरोगी मुलाला धुरामुळे नव्याने दमा होतो का, हे सिद्ध करणं अवघड होतं. कारण दमा एका कारणाने होत नाही. आनुवंशिकता असते, ॲलर्जी असते, बाळपणी झालेले श्वसनाचे संसर्ग असतात, घरातला धूर असतो. त्याच संस्थेने २०२२ मध्ये पुन्हा आढावा घेतला, तेव्हा वाहनांचं प्रदूषण आणि नव्याने होणारा दमा यांच्यातल्या संबंधाबद्दलचा विश्वास मध्यम ते उच्च पातळीचा असल्याचं नोंदवलं.

हे होतं कसं? नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात. अस्तर सैल झालं की परागकण, धुळीतले किडे, बुरशी असे ॲलर्जी आणणारे घटक आत सहज पोहोचतात. डिझेलचे कण तर या घटकांविरुद्धची शरीराची प्रतिक्रिया आणखी भडकवतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे धूर एकटा येत नाही, तो बाकीच्यांना दार उघडून देतो.

'भारतात दरवर्षी साडेतीन लाख मुलांना वाहनांमुळे दमा' हा आकडा तुम्ही फॉरवर्डमध्ये पाहिला असेल. तो २०१९ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला आहे. २०१५ साली जगात मुलांमधल्या दम्याच्या सुमारे ४० लाख नव्या केसेस नायट्रोजन डायऑक्साइडशी जोडता येतात, म्हणजे एकूण नव्या केसेसच्या १३ टक्के, असा तो अंदाज होता. चीन पहिला, ७ लाख ६० हजार. भारत दुसरा, साडेतीन लाख.

मात्र हा अंदाज आहे, डोकी मोजून काढलेला आकडा नव्हे. उपग्रहावरून हवेतला वायू, लोकसंख्या आणि आधीच्या अभ्यासांतून आलेला धोक्याचा दर यांचा हिशेब करून तो काढलेला आहे. २०२२ मध्ये सुधारित पद्धतीने केलेल्या हिशेबात २०१९ सालासाठी जगाचा आकडा १८ लाख ५० हजारांवर आला. निम्म्याहून कमी! याचा अर्थ चार वर्षांत हवा निम्म्याने सुधारली असा नाही. ग्रामीण भागातल्या वायूचा पहिला अंदाज जास्त धरला गेला होता, तो दुरुस्त झाला. गावाकडच्या वाचकाला ही दुरुस्ती माहीत असलेली बरी.

पहिल्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आकड्याच्या गोंगाटात हरवली. यातल्या ९२ टक्के केसेस अशा भागांत होत्या, जिथे वायूचं प्रमाण त्या वेळच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत होतं. ही मर्यादा तेव्हा वर्षाच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम होती. २०२१ मध्ये संघटनेने ती थेट १० वर आणली. भारताचं २००९ मध्ये ठरवलेलं मानक अजूनही ४० च आहे. त्यामुळे 'हवा मानकांच्या आत आहे' हे वाक्य ऐकलं की कोणाच्या मानकांच्या, हे विचारायला हवं.

लंडनच्या एलाचं प्रकरण

एला अडू-किसी-डेब्रा ही आग्नेय लंडनमधल्या लुइशॅम भागातली मुलगी. घर साउथ सर्क्युलर या प्रचंड वर्दळीच्या रस्त्याजवळ. तिला गंभीर दमा होता. तीन वर्षांत २५ पेक्षा जास्त वेळा तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती वारली. वय ९ वर्षं.

तिची आई रोझमंड यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १६ डिसेंबर २०२० रोजी कॉरोनर फिलिप बार्लो यांनी निर्णय दिला की, एलाच्या मृत्यूत हवेच्या प्रदूषणाचा लक्षणीय वाटा होता. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूचं कारण म्हणून प्रदूषणाची अशी नोंद पहिल्यांदाच झाली.

बातम्यांत एवढंच आलं. पण कॉरोनरचं एक निरीक्षण पालकांच्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे. प्रदूषणामुळे दमा बळावू शकतो, ही माहिती एलाच्या आईला कुणी दिलीच नव्हती. दिली असती तर तिने उपाय केले असते. इतके तज्ज्ञ, इतकी रुग्णालयं, आणि 'तुमचं घर रस्त्यापासून किती लांब आहे?' हा प्रश्न राहूनच गेला.

महाराष्ट्रात हा विषय नवीन आहे का?

अजिबात नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी चार हजारांहून अधिक लोकांच्या श्वसनाच्या तक्रारी तपासल्या होत्या. कमी-जास्त प्रदूषण असलेल्या शहरी वस्त्या आणि तुलनेसाठी शहराबाहेरचं ग्रामीण भागातलं गाव, अशी रचना होती. जास्त प्रदूषित वस्तीत खोकला आणि दम लागण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा चर्चा मुख्यतः कारखान्यांच्या सल्फर डायऑक्साइडची होती.

पुढे गिरण्या आणि कारखाने गेले, गाड्या आल्या. १९९९ मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या गटाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने वाहनांच्या धुराबाबत आदेश दिले, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा एकदा, या वेळी स्वतःहून, मुंबईच्या हवेची दखल घेतली.

यात एक गोष्ट सारखीच आहे. न्यायालय असो, समिती असो की जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम असो, सगळ्यांचं लक्ष शहरांवर. श्रीवर्धन-म्हसळ्यासारखे तालुके त्या यादीत बसत नाहीत.

रायगडच्या किनारपट्टीवर काय वेगळं आहे?

चांगली बाजू आधी. शाळेत भूगोलात शिकवलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवत असतील. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे धूर पांगवतात. किनाऱ्याजवळच्या गावाला ही मोठी देणगी आहे. हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी मात्र वारा पडतो, हवेचा थर जमिनीलगत दाबून बसतो आणि धूर तिथेच रेंगाळतो. सकाळी शाळा भरण्याची वेळ नेमकी यातच येते.

दुसरी बाजू वाहतुकीची. श्रीवर्धन तालुक्यातच दिघी बंदर आहे. २०२१ मध्ये ते अदानी समूहाकडे गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यात दिघीचं नाव आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं कामही याच किनाऱ्याने जाणार. रोजगाराच्या दृष्टीने हे हवंच आहे आणि तसं म्हणणाऱ्यांना उगाच विकासविरोधी-विकासवादी अशा खेळात ओढण्यात अर्थ नाही. पण ट्रक वाढणार, हे साधं गणित आहे. ते गावातून जाणार की गावाबाहेरून, हा निर्णय रस्ता बांधण्याआधी घ्यायचा असतो. एकदा बाजारपेठेतून रुंदीकरण झालं की मग फक्त वरवरचे उपाय उरतात.

तिसरी बाजू सांगितली नाही तर चित्र अपुरं राहील. कोकणातल्या एखाद्या मुलाच्या छातीला ट्रकच्या धुरापेक्षा चुलीचा धूर जास्त त्रास देत असेल. घरात गॅस असला तरी आंघोळीचं पाणी तापवायला बंब किंवा चूल पेटतेच. उन्हाळ्यात भातशेतीसाठी राब भाजतात, त्याचाही धूर असतो. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, ओलीची बुरशी, आणि दमट हवेत गाद्या-उशांत वाढणारे धुळीतले सूक्ष्म किडे. हे सगळे दम्याचे ओळखीचे साथीदार आहेत. रस्त्याचा धूर यांच्या जोडीला येतो.

ॲपवर हवा 'चांगली' दिसते, मग?

देशातली बहुतेक मापन केंद्रं शहरांत आणि औद्योगिक पट्ट्यांत आहेत. गावाचं नाव टाकल्यावर मोबाइलवर दिसणारा आकडा बऱ्याचदा दूरच्या केंद्रावरून किंवा उपग्रहावरून काढलेला अंदाज असतो. शिवाय हवा गुणवत्ता निर्देशांक कणांच्या बाबतीत २४ तासांची सरासरी दाखवतो. शाळा सुटतानाच्या अर्ध्या तासात फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर त्या सरासरीत विरघळून जातो.

'पीयूसी आहे ना' हे उत्तरही अर्धंच आहे. नेहमीच्या पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेल गाडीच्या धुराचा गडदपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. म्हणजे या लेखातला मुख्य आरोपी तपासणीतून सुटतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी मात्र खरा फरक पडतो. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ च्या तुलनेत सुमारे ६८ टक्क्यांनी खाली आली. अडचण एवढीच की रस्त्यावर जुनी वाहनंही धावत असतात आणि गावाकडे ती जास्त काळ चालतात.

'पंपाची सवय लागते' हे खरं आहे का?

नाही. आणि या एका गैरसमजाने धुराइतकंच नुकसान केलंय.

ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या अभ्यासात घरघरीची लक्षणं असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. गंभीर लक्षणं असलेल्यांतही हा आकडा ७० टक्के होता. रोजचा प्रतिबंधक इनहेलर घेणारे तर अगदीच थोडे. 'दमा' हा शब्द डॉक्टरही टाळतात, कारण पालक घाबरतात, मुलगी असेल तर लग्नाची काळजी आत्तापासून सुरू होते. मग ॲलर्जीचा खोकला, बाळदमा, कफ प्रवृत्ती असे शब्द वापरले जातात आणि पातळ औषधाच्या बाटल्या बदलत राहतात. कुणी मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायलाही जातं. त्याचा उपयोग होतो असा शास्त्रीय पुरावा नाही.

एक हिशेब पाहा. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका पफमध्ये साधारणपणे १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ५ मिलिलिटर सिरपमध्ये साधारण २ मिलिग्रॅम, म्हणजे २० पफ इतकं. पंप थेट फुप्फुसात पोहोचतो म्हणून थोडं औषध पुरतं. सिरप पोटातून रक्तात आणि मग सगळ्या अंगात जातं, हात थरथरतात, छाती धडधडते. तरी 'कडक' औषध म्हणून बदनाम पंपच आहे.

पंप दोन प्रकारचे असतात. एक झटका आला की नळ्या मोकळ्या करणारा. दुसरा सूज कमी ठेवणारा, त्यात कमी मात्रेचं स्टेरॉइड असतं आणि तो बरं वाटत असतानाही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावा लागतो. त्याने उंचीवर परिणाम होतो का? दीर्घकाळ घेतल्यास मोठेपणी सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास फरक आढळला आहे. तो लपवण्यात अर्थ नाही. पण वर्षानुवर्षं आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, शाळा बुडवतो आणि जिवावर बेततो. लहान मुलांना पंप नेहमी स्पेसर लावूनच द्यावा, नाहीतर निम्मं औषध जिभेवरच राहतं.

घरात आणि गावात काय करता येईल?

दमा असलेल्या मुलाची झोपण्याची खोली शक्य असेल तर रस्त्याकडची नको, मागच्या बाजूची असावी. रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळी बंद आणि दुपारी वारा सुटला की उघड्या. शाळेत जाताना मुख्य रस्त्याऐवजी आतल्या पाखाडीने चालत गेलं तर पाच मिनिटं जास्त लागतील, पण धूर बराच कमी मिळेल. कापडी किंवा साध्या सर्जिकल मास्कचा इथे फारसा उपयोग नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही, आणि दम लागलेल्या मुलाला तो लावणं धोक्याचं.

डॉक्टरकडे जाताना एक छोटी वही जवळ ठेवावी: रात्री खोकला कधी आला, त्या दिवशी काय वेगळं होतं, चूल पेटली होती का, गावात गाड्यांची गर्दी होती का. दोन महिन्यांच्या अशा नोंदी निदानाला फार मदत करतात. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांची फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणीही होऊ शकते.

गावाच्या पातळीवर शाळेचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदाच केला, की अतिवर्दळीच्या महामार्गापासून ५०० फुटांच्या आत सहसा नवी शाळा बांधायची नाही. त्याच राज्यात १९९३ ते २०१४ या काळात नऊ वस्त्यांमधल्या मुलांचा अभ्यास झाला. हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड जसजसा उतरला, तसतसं नव्याने दमा होण्याचं प्रमाणही उतरलं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसतं. शाळेसमोर इंजिन बंद, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या मोठ्या गाड्यांना गावाबाहेर पार्किंग, डंपरवर ताडपत्री आणि कोरड्या दिवसांत साइडपट्टीवर पाणी, यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

थांबू नये अशी लक्षणं

मूल एक वाक्यही सलग बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुगत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल गुंगीत जात असेल, तर घरी वाफ देत बसू नये. घरघर अचानक थांबली आणि तरीही मूल गळून गेलेलं असेल, तर ते बरं होत नसून हवा जायचीच थांबत आहे, असं समजावं. मुलाला आडवं न करता बसतं ठेवावं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात झटक्याचा पंप स्पेसरने द्यावा आणि १०८ वर फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात मोफत आहे. फोनवर मुलाचं वय, दमा आहे ही गोष्ट, पंपाचे किती पफ आणि किती वाजता दिले, आणि सुट्टीचा दिवस असेल तर गावात गाड्या कुठे अडकल्या आहेत, तेही सांगावं.